पांढरी पट्टी

दुकान सांभाळून, गच्चीवर रंधा मारत, दोन वर्षांत मी एक गिटार घडवली. आईनं एकदाच ऐकली. म्हणाली, "भरतेश, दिसायला देखणी झाली रे, पण आवाज दबका येतोय."

ते मला फार लागलं. मिरजेच्या एका जुन्या कारागिराकडं गिटार घेऊन गेलो. तारा जिच्यावर टेकतात त्या पांढऱ्या पट्टीवर त्यानं नख वाजवलं. "हितं प्लास्टिक घातलंय तुमी. हितं हाडाचीच पट्टी लागती."

"कशाचं हाड?"

"म्हशीचं. आवं, बोटभर तर तुकडा हाय. बाहेरनं कुणाला कळतंय?"

माझी आई पाणी दोनदा गाळून पिते. ताटाजवळ मुंगी आली तर ती हळूच फुंकर घालते, आणि मुंगी लांब जाईपर्यंत घास उचलत नाही. आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही.

तरीही मी "बसवा" म्हणालो.

पर्युषणात बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मूर्तीसमोर बसून, भजनाला साथ केली. पहिलीच तार छेडली आणि आवाज गाभाऱ्यापर्यंत घुमला. भजन संपल्यावर आई जवळ आली. तिसऱ्या उपवासानं तोंड सुकलेलं, पण डोळे भरून आलेले. गिटारवरून ती हात फिरवत राहिली. बोटं नेमकी त्या पट्टीवर येऊन थांबली.

"आता बघ," ती म्हणाली, "आता कसा जीव आला हिच्यात!"