सू-चेनची शंका

"बाहेर कुठे संबंध वगैरे?" गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी हळूच विचारलं, पण पडद्याबाहेर बसलेल्या सू-चेनला ते ऐकू गेलंच. तिचा नवरा कुओ-त्सुंग म्हणाला, "नाही हो." तरी डॉक्टरांनी जंतुसंसर्गाच्याच गोळ्या दिल्या.

घरी आल्यावर तो पलंगावर मुटकुळं करून पडला. अंडकोष एका बाजूला सुजला होता. पेज दिली, ती त्याने ओकून टाकली. सू-चेन दारातच उभी राहिली. तो लांब पल्ल्याची बस चालवायचा; निम्मा आठवडा दूर काओश्युंग शहरात मुक्कामी असायचा.

"कोण आहे ती?"

"कोणी नाही गं."

"कधीपासून दुखतंय?"

"आज सकाळपासून. डेपोत बूट घालायला वाकलो आणि एकदम कळ आली."

"याआधी कधीच नाही?"

"दोनदा झालं होतं. आपोआप थांबलं."

"मला बोलला नाहीस."

"त्यात काय सांगायचं असतं?"

म्हणजे लपवायची सवय आहे तर. तिने टॅक्सी बोलावली. "ऊठ. मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासू. काय रोग आहे, कुठून आणलास, माझ्यासमोर कळू दे."

वाटेत प्रत्येक धक्क्याला तो दात आवळत होता. ती खिडकीबाहेर बंदराकडे बघत राहिली.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सू-चेननेच सगळं सांगितलं, पोलिसात तक्रार द्यावी तसं. म्हणे अचानक दुखलं. ताप नाही, लघवीला जळजळ नाही म्हणतो. आधी दोनदा लपवलं.

डॉक्टरांनी तपासलं. दुखरं वृषण वर ओढलं जाऊन आडवं झालं होतं. मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की एरवी ते वर सरकतं; इथे जागचं हललं नाही.

"रक्ताच्या तपासण्यांसाठी थांबायला नको," त्या म्हणाल्या. "आत वृषणाला पीळ पडलाय, रक्त पोचत नाहीये. लगेच ऑपरेशन करावं लागेल."

"पीळ? या वयात?" सू-चेनचे डोळे बारीक झाले. "चाळिशी उलटलीय त्याची."

"क्वचित पडतो. पण पडतो."

ऑपरेशननंतर डॉक्टर खाटेपाशी आल्या. "काळंनिळं झालं होतं. पीळ सोडवल्यावर रंग परत आला. वाचलं. पुन्हा फिरू नये म्हणून दोन्हीकडे टाके घातलेत. गोळ्या घेत उद्यापर्यंत थांबला असतात, तर काढूनच टाकावं लागलं असतं. लगेच आणावं असं कसं सुचलं तुम्हाला?"

सू-चेन चादर सारखी करू लागली.

"तिला शंका आली," डोळे न उघडताच कुओ-त्सुंग म्हणाला.