ज्याचं तिकीट त्याच्या हातात

गेटवरची पोरगी एकाच्याही तोंडाकडे बघत नव्हती. पास घ्यायचा, यंत्रावर टेकवायचा, पीं वाजलं की पुढचा. रांगेत उभ्या तायडेआबांच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. बत्तीस वर्षं भुसावळला रेल्वेत तिकिटं तपासलेला माणूस. निवृत्त झाला म्हणून खोड जाते थोडीच. गाडीत निदान साखळी ओढता येते, इथं विमान, आणि ही बया साधं नावसुद्धा वाचत नाही.

शेजारी पार्वताबाई उभ्या होत्या, गप्प. दोन वर्षांपासून त्यांचं एकेक विसरणं चाललं होतं, आणि त्यासाठीच हैदराबादचा डॉक्टर गाठायचा होता. स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, गाव सांगता येत नव्हतं. आबांसारखा पांढरा शर्ट पुढं चालू लागला, की त्या निमूट त्याच्या मागं निघायच्या. मग तो कोणाचा का असेना.

आबांनी खिशातून दोन्ही पास काढले. ज्याचं तिकीट त्याच्या हातात, हा त्यांचा जन्माचा नियम. एक पास त्यांनी बायकोच्या मुठीत दिला.

"हाई तुनं तिकीट. हातमाच धर, सोडू नको. मी आत्ते येस."

आणि ते दहा पावलांवरच्या टेबलाकडे गेले. तिथं भूषण नावाचा सुपरवायझर बसला होता.

"साहेब, तुमची मुलगी नाव बघत नाही कोणाचं. माझ्या पासवर उद्या भलताच माणूस जाऊन बसला म्हणजे?"

"आत येतानाच बघितलंय ना आबा सगळ्यांचं."

"आणि आत आल्यावर पास बदलले तर?"

भूषणनं सुस्कारा सोडला. पण दोन-चार माणसं वळून बघायला लागली होती, तेव्हा तो उठला. "पुनम, नावं वाच गं. ओळखपत्र माग प्रत्येकाकडं."

आबांना बरं वाटलं. वळून बघतात तर जागेवर पार्वताबाई नाहीत. त्यांच्या पुढं उभा असलेला पांढऱ्या शर्टवालाही नाही. काचेपलीकडं भरलेली बस विमानाकडं निघाली होती. गेली असेल पुढं, म्हणत आबांनी घाईनं आपला पास पुनमच्या हातात दिला.

पुनमनं तो वाचला.

"आबा, हा तर पार्वताबाईंचा."

आबांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. खरंच होतं. आयुष्यभर परक्यांची नावं वाचली, आणि बायकोच्या हातात पास देताना काही वाचलं नाही.

"म्हणजे माझा तिच्याकडं गेला. घरचीच माणसं आम्ही. सोडा मला, बाई. तिला काही कळत नाही."

पुनमनं यंत्राकडं बघितलं. "पितांबर तायडे चढलेत."

"अहो, मीच पितांबर तायडे." आबांनी आधार कार्ड पुढं केलं.

भूषण जवळ आला. त्यानं आधी कार्ड बघितलं, मग पुनमकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. वॉकीटॉकी कानाला लावून तो थोडा वेळ बोलला.

"तुमची चौदा सी सीट भरलेली आहे. पितांबर तायडे म्हणून हाक मारली, तर मान वर केली त्यांनी."

"करणारच. माझं नाव कानावर पडलं की अजून मान वर करते ती."

"आबा, तुम्हीच आत्ता म्हणालात ना, नाव बघा म्हणून?"

भूषण पाठमोरा झाला तशी पुनम आबांच्या कानाशी आली. आबांच्याच मुलखातली, नरडाण्याची पोर, घरच्या बोलीत शिरली. "चुकीचं माणूस आत गेलं हे लिहावं लागलं, तर बठ्ठं विमान रिकामं करतीन. आबा, मनी नोकरी जाई."

आबांनी खांद्यावरची पिशवी चाचपली. डॉक्टरचे कागद, बायकोच्या गोळ्या, फोन, पैसे, सगळं इथंच. तिच्याकडं फक्त तो पास, तोही यांच्या नावाचा. दीड तासानं ती हैदराबादला उतरेल. पुढच्या पांढऱ्या शर्टामागं चालत बाहेर पडेल. तिथं ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्यांनी भूषणचा हात धरला. "एक करा साहेब. तिला विचारा, तुझ्या नवऱ्याचं नाव काय. बाकी सगळं विसरली, तेवढं तिला पाठ आहे. तिनं पितांबर सांगितलं, तर सोडा मला."

भूषणलाही माणुसकी होती. त्यानं वॉकीटॉकीवर विचारायला सांगितलं. आबा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. पलीकडं बस रिकामी होऊन परत निघाली होती.

"विचारलं," भूषण म्हणाला. "एक बाईच बसल्यात तिथं. पण काही बोलत नाहीत. दोनदा विचारलं. मान खाली घातली, तोंडाला पदर लावला, आणि हसताहेत म्हणे."

आबांना तेव्हा कुठं आठवलं. चव्वेचाळीस वर्षांत तिनं ते नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

"तीच ती," ते म्हणाले. "तीच आहे, साहेब."

"नाव नाही ना सांगितलं, आबा."

विमानाचं दार बंद व्हायला लागलं. डोक्यावरच्या भोंग्यातून हाक आली. पार्वताबाई पितांबर तायडे, ही आपल्यासाठी शेवटची सूचना आहे.

पुनमनं खाली बघितलं. आबांनी हातातला तिच्या नावाचा पास भोंग्याकडं उंच करून धरला.