डाव्या हाताचं पिस्तूल

“हे नको. दुसरं दाखवायला सांग त्यांना,” सुधाताई म्हणाल्या.

काउंटरवर तोवर पाच पिस्तुलं पसरून झाली होती. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या त्या दुकानात सुधाताई पुण्यात शालू घ्यायला बसाव्यात तशा ऐसपैस बसल्या होत्या. एक फार काळं, एक फार जड, एकाची नळी उगाच लांब. मराठीतला एक शब्द कळत नसूनही म्हातारा दुकानदार फोगल मुकाट्याने पुढचं काढून देत होता. दर वेळी पिस्तूल उघडून आत गोळी नसल्याचं दाखवत होता, आणि दर वेळी त्या “हो हो, कळलं” म्हणत होत्या.

पिस्तूल हवं होतं सुनेला. साधना वर्षभर गावातल्या शूत्सनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात, नेमाने जात होती. क्लबाचं पिस्तूल, क्लबाच्या गोळ्या, समोर कागदाचं लक्ष्य. परीक्षा झाली, परवाना आला, आता स्वतःचं पहिलं पिस्तूल घ्यायचं होतं. खरं तर ती एकटीच येणार होती. पण तिच्या नवऱ्याने, गुरुदत्तने, सकाळच्या चहाला आईसमोर बोलून टाकलं, आणि सुधाताई पर्स घेऊन आधी गाडीत जाऊन बसल्या. “पहिली वस्तू घ्यायची आणि घरातलं मोठं माणूस बरोबर नाही? हे काय बाई!”

झालं! साधनाचा सगळा बेत फिसकटला. कारण साधना डावखुरी होती, आणि सासूबाईंना ते ठाऊक नव्हतं.

बघण्याच्या कार्यक्रमातच सुधाताईंनी स्वच्छ सांगितलं होतं, “आमच्याकडे सोवळंओवळं फार नाही. पण डाव्या हाताने वाढलेलं मला चालत नाही.” त्यावर साधनाच्या आईने तिला असा चिमटा काढला, की पोह्यांची बशी आपोआप उजव्या हातात गेली. तेव्हापासून सासूबाईंसमोर सगळं उजव्याने. वाढणं, लाटणं, चिरणं, देवाला फूल वाहणं. पोळ्यांचे नकाशे झाले, बोटं कापली, पण तिने चकार शब्द काढला नाही. लोक म्हणायचे, नवऱ्याच्या नोकरीपायी ती जर्मनीला आली. तिच्या डाव्या हाताला विचारलं असतं, तर त्याने दुसरंच कारण सांगितलं असतं. इथे तो बापडा सुखात होता. उन्हाळ्यात सुधाताई राहायला आल्या, की मात्र पुन्हा बेपत्ता.

आता नेमबाजीच्या पिस्तुलाची गोष्ट अशी, की त्याची लाकडी मूठ तळहाताच्या आकाराने कोरलेली असते. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात बसत नाही. मुळीच नाही. म्हणजे आज उजव्याचं घेतलं, तर वर्षभराची मेहनत पाण्यात आणि पुढचे सगळे सामनेही पाण्यात.

“हे बघ, हे छान आहे,” सुधाताईंनी तांबूस मुठीचं एक पुढे सरकवलं. “हातात धर बघू.”

साधनाने उजव्या हातात धरलं.

“शोभतंय की! आल्झो, हेच घेऊन टाक,” सुधाताई म्हणाल्या. महिनाभरात ‘तर मग’ अशा अर्थाचा तेवढा एक जर्मन शब्द त्यांनी उचलला होता.

साधनाच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. घ्यावं, घरी जावं, पुढचं पुढे बघता येईल. तेवढ्यात फोगलने खालच्या कपाटातून एक पेटी काढून उघडली.

“हे खास तुमच्यासाठी मागवलंय,” तो जर्मनमध्ये म्हणाला. “डाव्या हाताचं. तुमच्या ट्रेनरबाईंनी फोन केला होता. मग तुम्ही उजव्याची कशाला बघताय?”

सासूबाईंना यातलं काही कळलं नाही. साधना काहीही सांगू शकली असती.

पण तिला स्वतःचाच राग आला. वर्षभर ती रेंजवर ताठ उभी राहिली होती, सगळ्यांसमोर डावा हात उचलून. तो हात एकदाही लाजला नव्हता. दहा गुणांच्या वर्तुळात गोळ्या घालणाऱ्या हाताने घरात चोरासारखं वागायचं? का म्हणून?

तिने हातातलं पिस्तूल खाली ठेवलं. डाव्या हाताने पेटीतलं उचललं आणि नळी भिंतीकडे धरली. मूठ तळहातात नेमकी बसली. इतकी नेमकी, की साधनाला हसूच आलं.

“आई, मी हे घेणार,” ती म्हणाली. “मी डावखुरी आहे. जन्मापासून.”

सुधाताईंनी चष्मा वर सरकवला. “आणि पोळ्या?”

“तुम्ही असता तेव्हा उजव्याने लाटते.”

“तरीच!”

साधनाने नजर खाली घातली नाही. आता होऊ दे काय व्हायचं ते!

सुधाताईंनी पर्स काउंटरवर ठेवली. उठून उभ्या राहिल्या. “दे इकडे.”

साधनाने फोगलकडे पाहिलं. त्याने मान डोलावली, तसं तिने पिस्तूल सासूबाईंच्या हातात दिलं. सुधाताईंनी हात लांब केला, एक डोळा मिटला आणि भिंतीवरच्या लक्ष्यावर नेम धरला. हात जरासुद्धा हलला नाही. साधना बघतच राहिली. डाव्या हाताची ती मूठ सासूबाईंच्याही हातात चपखल बसली होती.

“मूठ चांगली आहे. घे तू हेच,” सुधाताई म्हणाल्या. “मी तर माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.”