कडं कोणत्या हातात

"कडं उजव्या हातात व्हतं," बायनाबाई म्हणाली आणि शिवानीची पेन्सिल थांबली.

समोर शिवकांताअक्का बसल्या होत्या. गेले पाच महिने त्या नातीला सांगत आल्या होत्या की कडं डाव्या हातात होतं. पिक्चरमधला तो उडणारा माणूस डावी मूठ वर करायचा, चांदीचं कडं लखलखायचं आणि तो झाडांच्या शेंड्यांवरून निघून जायचा. शिवानीची तशी चाळीस पानं काढून झाली होती.

पिक्चर साठ वर्षांपूर्वीचा. त्याची धड प्रत कुठं उरली नव्हती, पण त्याच्यावर जीव असलेली माणसं उरली होती. शिवानीच्या फोनवर त्यांचा ग्रुप होता. शेवटी नायक ढगात शिरला तो परत आलाच नाही, आणि दुसरा भाग कधी निघाला नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. मग त्यांनीच ठरवलं, पुढची गोष्ट चित्रांच्या पुस्तकात आपण काढायची. चित्रं शिवानीची. पण नायक दिसायचा कसा, चालायचा कसा, हे सांगायला जत्रेतल्या तंबूत बसून पिक्चर पाहिलेलं एकच माणूस सापडलं होतं, ते म्हणजे धारूरची ही आजी. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिचं नाव येणार होतं. नाव माहेरच्या आडनावासकट छापायचं, हेही अक्कांनी बजावून ठेवलं होतं.

आणि आज ग्रुपमधल्या अंगदनं नांदूरघाटहून आपल्या आजीला, बायनाबाईला, गाडीवर बसवून आणलं होतं. तिनंही तोच पिक्चर पाहिला होता म्हणे. अक्कांच्या माहेरगावी, त्याच जत्रेत.

अक्का तिला ओळखत होत्या. दोघी एकाच गावच्या, एका वयाच्या. पण बायनाच्या शेजारी शिवानी अशी चिकटून बसेल, चहाचा पहिला कप तिला देईल आणि तिचं बोलणं फोनवर भरून घेईल, हे अक्कांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांचं बोलणं शिवानीनं कधी भरून घेतलं नव्हतं.

"आन त्या दुष्टाच्या गालावरचा वण?" शिवानीनं विचारलं.

"डाव्या."

"आजी तर उजव्या म्हणते."

"डाव्या गं, बाई. घोड्यावरनं आला ना, तवा आमच्याकडंच केला व्हता गाल."

अक्कांनी सांगितलेल्या एकेका गोष्टीची ही बाई बाजू फिरवत होती. अक्कांना राहवेना.

"बायना, तू तर शेंगा विकायचीस. तुला पिक्चर कधी दिसला?"

"शेंगा विकायलाच आत जायचे, अक्का. तीन खेळ पाहिले. फुकटात."

"आमी तिकीट काढून गेलतो. सतरंजीवर बसून पाहिलाय. अडत्याच्या घरच्या बायका व्हतो आमी, येता-जाता डोकावलो न्हाई."

"तुमची सतरंजी ठावं हाय की मला. लाल व्हती."

अंगदनं मध्येच फोन पुढं केला. ग्रुपवर सकाळीच कुणीतरी जुनं पोस्टर टाकलं होतं. फाटकं, पण अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. नायकाची उजवी मूठ वर होती. कडं त्याच हातात होतं.

शिवानीनं पोस्टर पाहिलं. आजीकडं न बघता तिनं खोडरबर उचललं आणि पहिल्या पानावरचा हात खोडायला लागली. त्या घासण्याच्या आवाजात अक्कांना आपलं नाव पुसलं जाताना ऐकू आलं.

"म्हंजे आमी खोटं बोलतो, आसंच ना?"

"खोटं कावून बोलताल?" बायनाबाई म्हणाली. "तुमी पडद्याच्या मागं बसलता."

अक्कांना तो तंबू आठवला. तंबूच्या मधोमध पडदा. पुढं वाळूत गडीमाणसं. मागच्या अंगाला चांगल्या घरच्या बायकामुली, परक्या नजरा पडू नयेत म्हणून. पडद्यावर पाणी मारायचे, म्हणजे पलीकडूनही चित्र दिसायचं. दिसायचं, पण उलटं. सुरुवातीची नावं त्यांना वाचता आली नव्हती. तिसरीत होत्या, वाचायला येत होतं. वडील उर्दू वाचायचे, म्हणून ही नावंही उर्दूत असतील असं त्यांनी तेव्हा धरून टाकलं होतं, आणि पुढं साठ वर्षं कधी विचार केला नव्हता.

शेंगावालीच्या पोरीला कुणी मागं बसवलं नव्हतं. ती गड्यांमधून हिंडली आणि तिनं सगळं सुलटं पाहिलं. अक्कांनी समोरच्या राकट, काळ्या हातांकडं पाहिलं. या बाईचा हेवा करायची वेळ आपल्यावर येईल असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं. आज ती आली होती.

"शिवानी," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानावर हिचं नाव घाल. हिनं खरा पाहिलाय."

"माझं नाव कशाला?" बायनाबाई म्हणाली. "मी त्याच्यापायी न्हाई आले. तुमची गाठ पडंल म्हणून आले. तुमाला एक इचारायचं व्हतं."

"मला?"

बायनाबाईनं कप खाली ठेवला. पदर सारखा केला. नातवासमोर जरा लाजली.

"तीनी खेळाला मी तुमच्यावर लई जळले, अक्का. शेवटाला त्यो उडाला, पडद्याच्या आत गेला, आन आमच्याकडं नुसतं पांढरं कापड ऱ्हायलं. सांगा की आता. तुमच्या बाजूला उतरल्यावर त्यानं पुढं काय केलं?"