पंचमीचा भाऊ

"आक्का, आला बघ तुझा भाऊ!" म्हणत गारुड्याने टोपली उघडली.

द्वारकाक्काला भाऊ नव्हता. नागालाच भाऊ मानून ती नागपंचमीचा उपवास धरायची. वर्षभर सुन्या असलेल्या घरात त्या दिवशी तरी आपलं कुणी यायचं. यंदा हळद-कुंकू वाहताना ती जरा जवळ वाकली, तर नागाच्या तोंडाला दोऱ्याचे टाके!

"अरे, तोंड शिवलंस याचं?"

"चावेल की! सगळ्यांचंच शिवतो आम्ही."

"म्हणजे आजवर भाऊ माझ्या दारी उपाशीच आला?"

तिने टोपली ओढून घेतली आणि गावातल्या सर्पमित्राला बोलावलं. त्याने अलगद टाके कापले. "जखम भरली की रानात सोडतो," तो म्हणाला.

आक्काने टोपलीपुढे हात जोडले.

"जा दादा. आता पंचमीला माझ्याकडे येऊ नकोस."