लांबड्या फार्करचा वंशज

एडिनबरोहून पाकीट येण्याआधीच फार्कर मॅनसनने शनिवारसाठी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा मानाचा घागरा, भाड्याने आणून ठेवला होता. पुरावा काय, येईलच.

शनिवारी स्कार्व्हिक गावच्या धक्क्यावर लांबड्या फार्करच्या स्मारकाचं अनावरण होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या वादळात, हा माणूस एकटा होडी घेऊन खडकावर फुटलेल्या जहाजापर्यंत गेला. चार खेपा केल्या. अकरा माणसं काढली. शेवटी किनाऱ्यावर बायकांनी त्याची बोटं वल्ह्यांवरून एकेक करून सोडवली म्हणतात. त्यानंतर त्याने त्या रात्रीबद्दल मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही. म्हणूनच गावाला त्याचं टोपणनाव तेवढं आठवत होतं. आडनावाचा उपयोग नव्हता. इथे अर्धं गाव मॅनसन. ग्लासगोहून नव्या पाद्रीबाई आल्या, त्यांनी पहिल्याच दिवशी रस्त्यात “मिस्टर मॅनसन!” अशी हाक मारली, तर नऊ माणसं वळली.

स्मारकावरचा पडदा ओढायचा मान त्याच्या वंशजाचा. तो वंशज आपणच, हे फार्कर चाळीस वर्षं बस चालवता चालवता प्रत्येक उतारूला सांगत आला होता. त्याच्या घरात दर पिढीत एक फार्कर होताच. इकडची रीतच तशी. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव. मुलगा झालाच नाही, तर ते नाव मुलीच्या गळ्यात, मागे ‘इना’ जोडून. गावात डोनल्डिना होती, ह्यूइना होती, एक बिचारी अँगसिनाही होती. हाक मारायला सगळ्या नुसत्या इना. अशा सात होत्या, आणि कुणाच्या ‘इना’च्या आधी कुठल्या आजोबांचं नाव लपलंय हे कुणी विचारत नसे.

घरच्या बायबलात लिहिलेल्या वंशावळीत सर्वांत जुना फार्कर त्या वादळाच्याच वर्षीचा. त्याच्या वरचं पान फाटलेलं. तेवढी एक नोंद एडिनबरोला ठेवलेल्या चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांतून सापडली, की झालं.

“उघडा ना पाद्रीबाई,” फार्कर म्हणाला. चर्चमागच्या खोलीत तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. “त्र्याहत्तर वर्षं थांबलोय.”

“चष्मा तर घालू द्या.”

चर्चचं पितळ घासणारी इना चहाचा ट्रे घेऊन दारातून वाकून आत आली.

“डोकं सांभाळ गं,” फार्कर म्हणाला.

“या दाराची आणि माझी जुनी ओळख आहे,” इना म्हणाली. “तुझं बरं आहे, तू ताठ मानेनं येतोस.”

फार्करची उंची पाच फूट तीन इंच. हा विषय निघाला की त्याचं उत्तर तयार असे. “रक्त लांबड्याचंच. दर पिढीत थोडं पाणी पडत गेलं, एवढंच.”

“व्हिस्की असती तर कुणी प्यायलं नसतं मग.”

“हस, हस. अकरा माणसं, इना! तसल्या समुद्रात! तुमच्या घराण्यात कुणी काय केलंय?”

“पितळ घासलंय,” इना म्हणाली. तिने कप मांडले. “आणि बारा.”

“काय बारा?”

“माणसं. बारा होती. तान्ह्याला कोण मोजतं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“आजीनं.”

“तुझ्या आजीला काय कळतंय! स्मारकाच्या दगडावर अकरा कोरलेत.”

पाद्रीबाईंनी पाकीट फोडून आतला कागद उलगडला. एकदा मनात वाचला. मग फार्करकडे बघितलं आणि सावकाश, मोठ्याने वाचला.

“‘रविवार. आज बाप्तिस्मा दिला तो फुटलेल्या जहाजावरच्या मुलाला. वय महिन्याच्या आतबाहेर. आईबाप समुद्राने ठेवून घेतले. जॉर्ज मॅनसन व त्याच्या पत्नीने मूल आपलं म्हणून घेतलं. त्यांची पाच आधीच मातीत आहेत. दोन्ही हात वल्ह्यांवर असल्याने ज्याने याला दुपट्यासकट दातांत धरून आणलं, त्याचंच नाव ठेवलं, फार्कर. तो स्वतः आला नाही. त्याला अजून तोंड उघडता येत नाही.’”

बाहेर समुद्र रोजच्यासारखा आपटत होता. आज तो फार जवळ वाटला.

फार्करने कागद मागून घेतला. वाचता येईना, तरी धरून बसला. किल्ट, भाषण, पडदा, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून ओसरून गेलं, आणि मागे जे उरलं ते बघून पाद्रीबाईंनी चष्मा काढला.

“दातांत,” तो म्हणाला.

मग म्हणाला, “तो एकदा नुसता खोकला असता ना, तर माझा बाप नाही, आजा नाही. माझ्या तिन्ही मुली नाहीत. अ‍ॅबर्डीनची ती चार नातवंडं... आख्खं घर त्याच्या दातांत लोंबकळत होतं, पाद्रीबाई. आणि मी लोकांना सांगत सुटलोय की मी त्याच्या रक्ताचा.”

इनाने त्याच्या चहात तिसरा चमचा साखर घातली.

“त्या वहीवाल्यांनी चिठ्ठीही जोडलीय,” पाद्रीबाई हळूच म्हणाल्या. “लांबड्या फार्करला मुलगा नव्हता. एकच मुलगी. पुढचा माग नाही. मग शनिवारी पडदा ओढायला कुणाला शोधायचं?”

इनाने रिकामा ट्रे उचलला आणि दाराशी जाऊन सवयीने मान वाकवली. फार्कर त्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिला. मग टोपी हातात घेऊन उभा राहिला. चर्चमध्येसुद्धा तो असा कधी उभा राहत नसे.

“इना,” तो म्हणाला. “तुझं पूर्ण नाव काय गं?”

“फार्करिना,” ती म्हणाली. “पण आधी त्या दगडावर बारा करून घ्या.”