दहावं नाव

बालिंटच्या फाटकापर्यंत येऊन अर्पाद दोनदा परत फिरला होता. तिसऱ्यांदा बालिंटच्या बायकोने, इरेनने, खिडकीतूनच विचारलं, "वाट चुकलात, की नऊ वर्षांनी सापडली?"

तो मान खाली घालून आत गेला. खिशात स्पर्धेचा अर्ज होता. शनिवारच्या आत त्यावर बालिंटची सही पडली नाही, तर गावची बुद्धिबळ स्पर्धा कायमची बंद. दहापेक्षा कमी खेळाडू असले की जिल्हा संघटना स्पर्धा धरतच नाही, आणि नावं आली होती नऊ, तीही आयोजक अर्पादचं स्वतःचं धरून. संस्कृतीभवनाच्या बाईंनी तर सांगूनच टाकलं होतं, दहा झाले नाहीत तर हॉल झुंबावाल्यांना.

याच हॉलमध्ये एकेकाळी साठ-साठ जण बसत. जागा पुरेना म्हणून जिन्यातही पट मांडावे लागत. मग नऊ वर्षांपूर्वी, ऐन शेवटच्या फेरीत, शौचालयाच्या टाकीतलं पाणी थांबेना. नळवाल्याने झाकण उचललं, तर आत पिशवीत गुंडाळलेला फोन, कुणीतरी चोरून संगणकाच्या चाली बघायला लपवलेला. पाणी शिरून मेलेला, त्यामुळे कुणाचा ते कळायला मार्ग नाही. पण बालिंट त्या दिवशी चारदा उठला होता, लोकांना तेवढं पुरलं.

तोंडावर कोणी बोललं नाही. पुढच्या वर्षी डावाआधी त्याच्याशी हात मिळवायला मात्र कुणाचा हात पुढे झाला नाही. अर्पादचाही नाही. बालिंट यायचा थांबला, त्याच्यामागे त्याचे चार दोस्त गेले. उरलेले एकमेकांवर डोळे ठेवून बसू लागले. कुणी लघवीला उठलं तरी दहा माना वळायच्या. असा शनिवार घालवायला कोण कशाला येईल? लोक घरीच संगणकावर खेळू लागले.

बालिंट स्वयंपाकघरात अक्रोड फोडत बसला होता. त्याने पायाने खुर्ची पुढे सरकवली. इरेनने फक्त पाणी दिलं.

"त्या वर्षीचा चषक तुम्हालाच मिळाला ना? कुठे मांडलाय?" तिने विचारलं.

"तळघरात आहे," अर्पाद म्हणाला. मग त्याने अर्ज टेबलावर ठेवला. "फोन तुझा नव्हता, बालिंट. मला ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

अर्पाद टरफलांकडे बघत राहिला. "तुझा स्वभाव ठाऊक आहे ना."

बालिंटने आणखी एक अक्रोड फोडला. तेव्हा तू भांडला का नाहीस, असं अर्पादने चाचरत विचारलं.

"भांडलो असतो तर चौकशी लागली असती. स्पर्धा तिथेच बुडाली असती. आणि ती तर तुझ्या जिवावर चालते. खुर्च्या मांडणारा दुसरा आहे कोण इथे?"

अर्पादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बालिंटने एकच अट घातली, खेळ सुरू व्हायच्या आधी हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. "आणि मोठ्याने," इरेन म्हणाली, "तुम्ही पुटपुटता." अट कबूल झाली, सही झाली, तेव्हा कुठे तिने जर्दाळूच्या पालिंकाचे तीन छोटे पेले भरले. अर्पादने ती दारू नुसती ओठाला लावली आणि पेला खाली ठेवला.

शनिवारी तो हॉलमध्ये उभा राहिला. कान तापले होते, हातात कागद होता.

"तो फोन बालिंटचा नव्हता. नऊ वर्षं आपण एका सज्जन माणसाला चोर ठरवलं. सगळ्यात जास्त मी. मला माझीच लाज वाटते."

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग होता कुणाचा?"

अर्पादने हातातला कागद उलटून पाहिला. शेवटी बालिंटच म्हणाला, "जाऊ द्या हो आता. दहा माणसं जमलीत, घड्याळं लावा." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

चिठ्ठ्या टाकल्या, तर पहिल्याच फेरीत दोघांची गाठ पडली. बालिंटने हात पुढे केला. अर्पादचे डोळे भरून आले, त्याने तो हात दोन्ही हातांनी धरला. बालिंट पटावरून पुढे वाकला आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "टाकीवरचं झाकण त्या दिवशी तू वाकडंच ठेवून गेलास, अर्पाद. मागून येऊन मीच सरळ केलं."